काच पाणी पीत नाही : एका फुलदाणीचे प्रकरण

माझ्याकडे कागदकाम शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने काचेची एक गोल फुलदाणी टिश्यू नॅपकिनवरच्या निळ्या पक्ष्यांनी सजवली, दोन दिवस वाळवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वहिनींना भेट दिली. तीन आठवड्यांनी ती त्यांच्याकडे गेली तेव्हा फुलदाणी कोपऱ्यातल्या मेजावर होती, आत पाणी आणि फुलेही होती. मात्र तिची एक बाजू भिंतीकडे वळवलेली होती. वहिनी काही बोलल्या नव्हत्या. हिने फुलदाणी उचलून फिरवली तेव्हा बुडाकडचा भाग दुधाळ झालेला, पोटावर उभ्या सुरकुत्यांचा पट्टा पडलेला आणि मानेखाली अंगठ्याएवढा तुकडा काचेपासून सुटून फुगलेला असा सगळा प्रकार तिला दिसला. ती फुलदाणी मागून घेऊन ती माझ्याकडे आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “ताई, गोंदच खराब निघाला.”

गोंद खराब नव्हता. कागद आणि काच यांच्या जोडणीत जे दोष एरवी वेगवेगळ्या वस्तूंवर सुटेसुटे दिसतात, त्यांपैकी बहुतेक सगळे या एका फुलदाणीवर एकत्र आले होते, आणि त्यांतला एकही बाटलीतून आलेला नव्हता. लाकूड, पुठ्ठा किंवा मातीची भांडी यांवर हात बसलेली माणसे काचेकडे वळतात तेव्हा असे हमखास होते, कारण तोवर त्यांच्या नकळत त्यांचे एक काम ती वस्तूच करत असते : गोंदातले पाणी ती आपल्या अंगात घेत असते. काच ते काम करत नाही. डेकूपाजमध्ये, म्हणजे कागदी चित्रे वस्तूवर डकवून वरून गोंदाचे हात देण्याच्या कलेत, चिकटवणे हा भाग सोपा आहे. काचेवर खरे काम असते ते पाणी बाहेर घालवण्याचे, आणि या प्रकरणात ते झालेच नव्हते.

काय केले होते

फुलदाणी साध्या पारदर्शक काचेची होती. उंची सुमारे २२ सेंटिमीटर, पोटाचा व्यास १५ सेंटिमीटर, मानेचा ७ सेंटिमीटर आणि तोंड किंचित बाहेर वळलेले. नॅपकिन ३३ सेंटिमीटर चौरस, तीन पदरी, छपाई फक्त वरच्या पदरावर. गोंद डेकूपाजसाठी म्हणूनच मिळणारा, पाण्यावर आधारलेला, ओला असताना पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक. तिने केलेली कृती मी वेळेसह उतरवून घेतली, कारण अशा प्रसंगी “मी सगळे बरोबर केले होते” या वाक्यापेक्षा कधी काय केले याची साधी नोंद जास्त उपयोगी पडते.

तिने फुलदाणी भांडी घासण्याच्या साबणाने धुतली, टॉवेलने पुसली आणि मानेला धरून मेजावर आणली. पक्ष्यांची चित्रे एकेक न कापता थव्यासकट मोठ्या तुकड्यांत कापली. पोटावर लावलेला सर्वांत मोठा तुकडा तळहाताहून मोठा होता. नॅपकिनचा खालचा पदर काढून टाकला, मधला मात्र मुद्दाम राहू दिला. काचेवर गोंदाचा जाड थर दिला, कागद ठेवून बोटांनी दाबला, हेअर ड्रायरने पाच मिनिटे गरम वारा दिला, वीस मिनिटांनी वरून गोंदाचा पहिला हात मारला आणि त्याच रात्री आणखी दोन. सकाळी काम स्वच्छ चमकत होते, म्हणून चौथा हात. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र.

हीच कृती तिने आधी एका लाकडी डबीवर केली होती आणि ती डबी आजही उत्तम आहे. हे तिने मला दोनदा सांगितले, आणि ते खरेच होते.

मधला पदर तिने आळसाने ठेवला नव्हता, हेही इथे नोंदवायला हवे. एकच पदर लावून पाहिल्यावर पक्ष्यांच्या पोटाखालचा पांढरा भाग नाहीसा होत होता आणि पलीकडचे मेज दिसत होते. नॅपकिनचा पांढरेपणा हा रंग नसतोच. तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून कागद पांढरा दिसतो. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा, जवळजवळ १ आहे, काचेचा सुमारे १.५, वाळलेल्या पांढऱ्या गोंदाचा आणि कागदाच्या तंतूंचाही त्याच्याच आसपास. गोंद तंतूंमधली हवा हटवून तिची जागा घेतो तेव्हा काच, गोंद आणि तंतू यांच्यातून जाताना प्रकाशाला अडायला फारसे काही उरत नाही आणि कागद जवळजवळ पारदर्शक होतो. लाकडावर हे लक्षात येत नाही, कारण मागे लाकूड असते. काचेच्या मागे काहीच नसते. मधला पदर ठेवून तिने एका खऱ्या अडचणीवर उत्तर शोधले होते. ते उत्तर चुकीच्या रीतीने वापरले गेले, एवढेच.

आधी पाहणे, मग उकलणे

सुटलेली कड दिसली की नख आपोआप तिच्याखाली जाते. आम्ही तो मोह आवरला, कारण एकदा सोलले की पुरावा गेला. खोलीत अंधार करून फुलदाणीच्या आत छोटी विजेरी ठेवली. जिथे गोंद कागदात पूर्ण मुरला होता तिथून उजेड एकसारखा बाहेर येत होता. जिथे मध्ये हवा राहिली होती तिथे गडद ठिपके आणि गडद बेटे दिसत होती. विजेरी बंद करून तोंडातून आत डोकावले की तीच बेटे काचेतून चंदेरी चमकत. मोठ्या तुकड्यांचा मधला भाग जवळजवळ सगळा असा बेटांनी भरलेला होता, आणि वरून पाहताना मात्र तोच भाग सर्वांत गुळगुळीत होता.

मग विजेरी बाहेर काढून तिरपी धरली. मागच्या बाजूला एका पक्ष्याच्या पंखावर करड्या रंगाच्या बारीक ओळी उमटल्या होत्या, उलट्या अक्षरांच्या. आरशात धरल्यावर त्यांतले एक-दोन शब्द चक्क वाचता आले. वर्तमानपत्राची शाई गोंदाच्या थराने उचलली होती, म्हणजे तिसऱ्या दिवशी तो थर वरून कोरडा आणि आतून मऊ होता. हाताला न चिकटणे म्हणजे वाळणे, अशी आपली समजूत असते. डेकूपाजच्या गोंदांबरोबर येणाऱ्या सूचनांत पूर्ण घट्ट होण्यासाठी अनेकदा चार आठवडे सांगितलेले असतात, आणि ती ओळ वाचूनही कुणी मनावर घेत नाही. एके काळी मीही घेत नसे.

बुडाच्या दुधाळ भागाबद्दल तिचा तर्क असा होता की फुले बदलताना पाणी सांडले असणार. पण त्या पट्ट्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी आडवी होती. सांडलेले पाणी ओघळते आणि त्याच्या खुणा उभ्या असतात. आत पाण्याची पुसट रेघ राहिली होती. मोजून पाहिली तर ती आणि बाहेरच्या दुधाळ पट्ट्याची कड बुडापासून सारख्याच उंचीवर, सुमारे ८ सेंटिमीटरवर होत्या. रोज आत ओतलेल्या गार पाण्यामुळे तेवढी काच थंड होई आणि दमट हवेतली वाफ बाहेरून तिच्यावर दंव होऊन बसे. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तोच हा प्रकार. फक्त इथे घाम आणि काच यांच्यामध्ये गोंद आणि कागद होता.

फुलदाणी रिकामी करून पंख्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्टा वरून खाली निवळत आला आणि तिसऱ्या दिवशी बुडाशी नखाएवढ्या रुंदीचे कडे तेवढे राहिले. म्हणजे तो डाग नव्हता, ओल होती. पांढरा गोंद हे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कणांचे पाण्यातले मिश्रण असते. हे द्रव्य १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधले. कण आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो म्हणून ओला गोंद दुधासारखा दिसतो. पाणी उडाले की कण एकमेकांना भिडून सलग पातळ पडदा तयार होतो आणि तो पारदर्शक असतो. मात्र हा पडदा पाण्याला पुरता परका होत नाही. बराच वेळ ओल लागली की पाणी त्यात शिरते, तो मऊ पडतो आणि पुन्हा दुधाळ होतो. वाळल्यावर निवळतो खरा, पण दर खेपेला काचेवरची पकड थोडी ढिली होत जाते.

सोलणे शेवटी केले. चिमट्याने मानेखालचा सुटलेला तुकडा उचलला तर तो पूर्णच्या पूर्ण आला. त्याची मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती आणि उजेडात कलती धरल्यावर तिच्यावर अंगठ्याच्या रेषा पुसट दिसत होत्या. तिने फुलदाणी उचलून मेजावर आणली तेव्हा अंगठा जिथे टेकला होता नेमकी तीच ती जागा. पोटावरच्या तुकड्याची कड उचलली तेव्हा मात्र वेगळेच झाले : निळा पापुद्रा हातात आला आणि पांढरा पापुद्रा काचेवर तसाच राहिला, तोही इतका घट्ट की नखाने निघेना.

या दोन सुटण्यांत मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी निरीक्षण हेच. कागद सुटला म्हणजे गोंदाने काच सोडली, असे आपण गृहीत धरतो. इथे गोंदाने काच सोडली ती फक्त अंगठ्याएवढ्या, तेलकट जागेवर. बाकी सगळीकडे काच आणि गोंद यांची जोडणी शाबूत होती. कागदाने कागद सोडला होता. नॅपकिनचे पदर एकमेकांना चिकटवलेले नसतात, काठाला उठावदार नक्षीच्या दाबाने नुसते धरून ठेवलेले असतात. खालून दिलेला गोंद मधल्या पदरात मुरला, वरून दिलेला गोंद छापील पदरात मुरला, आणि दोघांच्या मध्ये कोरड्या हवेची एक फट राहून गेली. विजेरीने दाखवलेली चंदेरी बेटे ती हीच.

पाण्याला एकच दार

लाकडाच्या डबीवर तीच कृती का चालली, हे आता सांगता येते. अशा गोंदात निम्मे किंवा त्याहूनही अधिक पाणी असते. लाकडावर ते दोन वाटांनी जाते : थोडे खाली लाकडात, थोडे वर हवेत. काचेवर खालची वाट बंद असते. कागदातून वर येऊन उडून जाणे हा एकच मार्ग उरतो, आणि तो मार्ग तिने पहिल्या अर्ध्या तासातच बंद करून टाकला. हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने जाड थराचा वरचा भाग आधी वाळला आणि त्याची साय धरली. त्यावर वीस मिनिटांनी पुढचा हात मारला, म्हणजे दाराला बाहेरून कडी. सकाळी दिसलेली चमक त्या सायीची होती. खालचे पाणी कागदात आणि फटीत तसेच होते आणि सावकाश, जिथून जमेल तिथून, मुख्यतः कडांकडून, बाहेर पडत होते. हेअर ड्रायरचा मी विरोध करत नाही. पातळ थरावर, हातभर अंतरावरून, गार वाऱ्याने तो चालतो. जाड थर लवकर वाळवण्यासाठी वापरला की फसवतो.

सुरकुत्यांमागेही अर्धे कारण हेच पाणी होते. कागद ओला झाला की फुगतो, आणि यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असल्यामुळे तो आडव्या दिशेने जास्त वाढतो. १०० मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यात एक-दोन मिलिमीटरची भर सहज पडते. जितका वेळ तो ओला राहील तितका वेळ ही वाढ त्याला कुठे तरी जिरवावी लागते. उरलेले अर्धे कारण भूमितीचे होते. बाटलीच्या सरळ अंगावर किंवा निमुळत्या शंकूवर सपाट कागद गुंडाळता येतो. गोलावर तो कधीच नीट बसत नाही. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-दुमडल्याशिवाय सपाट करता येत नाही हे जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ साली गणिताने सिद्ध केले, आणि पृथ्वीचा कोणताही सपाट नकाशा कुठे तरी खोटे बोलतो तो याच कारणाने. फुलदाणीच्या पोटावर तळहाताएवढा तुकडा बसवताना तिने तीच अशक्य गोष्ट बोटांनी करू पाहिली होती. मध्यभाग बसला, कडेला जास्तीचा कागद उरला आणि त्याच्या उभ्या चुण्या पडल्या. चुणीखाली हवा राहिली, हवेत ओल.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवते. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये आणि पाठोपाठ इंग्लंड-अमेरिकेत काचेच्या फुलदाण्यांना आतून कागदी चित्रे डकवण्याचे वेड पसरले होते. चिनी मातीच्या फुलदाणीला फ्रेंचमध्ये जो ‘पोतिश’ शब्द आहे, त्यावरून त्याला ‘पोतिशोमानी’ म्हणत. छापील चित्रे कापायची, छापील बाजू बाहेर करून आतून काचेला चिकटवायची आणि मग आतून पांढरा किंवा रंगीत हात द्यायचा, की बाहेरून फुलदाणी चिनी मातीची भासे. माझ्या विद्यार्थिनीच्या दोन अडचणींची उत्तरे त्यात आयती आहेत : पांढरी पार्श्वभूमी कागदाकडून न मागता रंगाकडून घेतलेली, आणि चित्रे एकेक सुटी आकृती म्हणून कापलेली, त्यामुळे पोटाच्या गोलाईशी भांडण नाही. आतून डकवणे आम्हाला शक्य नव्हते, कारण ७ सेंटिमीटरच्या मानेतून हात जात नाही. पण सुटी कापण्याचा धडा आम्ही घेतला.

दुसरी फुलदाणी

पहिली फुलदाणी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली. सगळे काम लिबलिबीत होऊन मोठ्या पापुद्र्यांत निघून आले, काचेला ओरखडाही न पडता. ज्या दुबळेपणाने काम बिघडले त्यानेच वस्तू परत मिळवून दिली. नवे काम त्याच काचेवर करायचे ठरवले. नॅपकिनही तोच, फक्त एकच शिल्लक होता.

या वेळी धुतल्यानंतर पुसण्याआधी एक चाचणी केली. फुलदाणीवर स्वच्छ पाणी सोडले आणि पाहिले. निर्मळ काचेवर पाण्याचा अखंड पडदा राहतो. जिथे तेलकटपणा असतो तिथे पडदा फाटून थेंब होतात. तिच्या मते स्वच्छ असलेल्या काचेवर मानेपाशी आणि पोटाच्या एका बाजूला पडदा लगेच फाटला. पुन्हा धुऊन, वाळवून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या न झडणाऱ्या फडक्याने पुसली आणि तिथून पुढे फुलदाणी फक्त तोंडातून आत बोटे घालून उचलायची असा नियम केला. हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार अवघड आहे. पहिल्या तासात तो मी एकदा आणि तिने तीनदा मोडला आणि चारही वेळा ती जागा पुन्हा पुसावी लागली.

पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी तिचीच युक्ती वापरली, पण उलट क्रमाने. नॅपकिनचे तिन्ही पदर आधी एकमेकांपासून सुटे केले. मधल्या पांढऱ्या पदराचे, पक्ष्याच्या आकाराहून किंचित लहान, तुकडे हाताने फाडले आणि ते आधी एकटेच काचेवर लावले, गोंद पूर्ण मुरेल असे, आणि रात्रभर वाळू दिले. त्यावर दुसऱ्या दिवशी छापील पदराचा पक्षी. तोच पदर, त्याच जागी; फरक एवढाच की या वेळी तो मध्ये नुसता राहिलेला नव्हता, दोन्ही बाजूंनी चिकटलेला होता. एका थराने पांढरा पुरेसा उठत नव्हता म्हणून पक्ष्यांच्या पोटाखाली दोन थर दिले. कडा कात्रीने कापण्याऐवजी ओल्या ब्रशने रेघ ओढून तिच्यावर फाडल्या, कारण फाटलेल्या कडेचे बारीक तंतू काचेवर विरून जातात आणि कापलेली कड मात्र उंबऱ्यासारखी जाणवत राहते.

गोंद आम्ही पातळ केला, तीन भाग गोंदाला एक भाग पाणी. पाण्यामुळेच सगळे बिघडले म्हणायचे आणि वर आणखी पाणी घालायचे, हे ऐकून ती हसली. पण महत्त्व गोंदातल्या पाण्याच्या टक्क्याला नसून थराच्या जाडीला आहे : पातळ गोंदाचा बारीक हात कागदात लगेच मुरतो आणि त्यातले पाणी साय धरण्याआधी उडून जाते. काचेवर नावापुरता हात फिरवायचा, कोरडा कागद ठेवायचा आणि मऊ चपट्या ब्रशने वरून, मध्यापासून कडेकडे, गोंद देत जायचे. नॅपकिनचा एकेरी पदर ओला झाला की बोटाच्या स्पर्शाने फाटतो, म्हणून दाबायचे असेल तिथे पातळ प्लास्टिकचा कागद मध्ये धरायचा. पोटावर तीन बोटांहून रुंद तुकडा लावला नाही. एका मोठ्या पक्ष्याला पंख आणि शेपूट यांच्या मध्ये कडेकडून चिरा दिल्या आणि त्या एकमेकींवर किंचित चढवल्या. पिसांच्या रेघांत त्या दिसेनाशा झाल्या. एका हातानंतर दुसरा हात दुसऱ्या दिवशीच. चित्रे बुडापासून दोन सेंटिमीटर आणि तोंडापासून दोन सेंटिमीटर दूर ठेवली.

एवढे सांभाळूनही एक चूक झाली आणि ती माझी. नॅपकिनवरचे पक्षी संपले, मागच्या बाजूला एक जागा रिकामी राहिली, म्हणून तिने तसाच पक्षी पातळ कागदावर छापून आणला. तो कोणत्या प्रिंटरवर छापला हे विचारणे माझे काम होते आणि मी विचारले नाही. इंकजेट प्रिंटरच्या बऱ्याच शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. लेझर प्रिंटरची छपाई ही उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली प्लास्टिकची भुकटी असते आणि ती पाण्याला दाद देत नाही. पहिला ब्रश फिरताच निळ्या पंखाभोवती जांभळट वलय पसरले. तो पक्षी काढता आला असता, पण खालचा वाळलेला पांढरा थरही त्याच्याबरोबर निघाला असता, म्हणून राहू दिला.

वरच्या संरक्षणाबाबत मतभेद असतात. गोंदाचेच आणखी हात द्यावेत, वेगळे वॉर्निश कशाला, असे अनेकजण मानतात. आम्ही फोटोफ्रेमच्या एका जुन्या काचेवर शिल्लक तुकडे लावून, आठवडाभर वाळवून, निम्म्या भागावर पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात दिले आणि दोन्ही भागांवर पाण्याचे थेंब दहा मिनिटे ठेवले. नुसत्या गोंदाचा भाग काही मिनिटांतच दुधाळ झाला. वॉर्निशचा भाग स्वच्छ राहिला, अपवाद एका कडेचा, जिथे वॉर्निश कागदाच्या काठावरच थांबले होते. तिथून पाणी आत शिरून बारीक पांढरी रेघ उमटली. त्यावरून फुलदाणीवर वॉर्निश प्रत्येक कडेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर नुसत्या काचेवर नेले, म्हणजे कड झाकली गेली. असे वॉर्निश दंव आणि ओला हात सोसते. भांड्यासारखे धुणे किंवा बुडवणे सोसत नाही, आणि ते सोसेल असे सांगून वस्तू कुणाला देऊ नये.

दंवाचे मूळ मात्र वॉर्निशने जात नाही. त्यासाठी २० सेंटिमीटर उंच आणि ४ सेंटिमीटर व्यासाची बूड असलेली काचेची नळी आणली आणि पाणी फक्त तिच्यात भरायचे ठरवले. नळी आणि फुलदाणी यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, त्यामुळे गार पाण्याची थंडी बाहेरच्या काचेपर्यंत जवळजवळ पोचत नाही. विजेरी आत ठेवून पुन्हा पाहिले तेव्हा गडद ठिपके चार सापडले, चारही मसूरएवढे. त्यांतले दोन सुईने टोचून गोंदाचा थेंब देऊन बुजवले, दोन कागदाच्या घडीत होते म्हणून सोडून दिले.

पुढे

फुलदाणी चार आठवडे उघडी, न गुंडाळता, उन्हापासून दूर ठेवली. हा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि मऊ पडला की धूळ धरतो, म्हणून खिडकीतली जागा टाळली. नंतर ती वहिनींकडे गेली, या वेळी मऊ सुती कापडात. जांभळ्या वलयाची बाजू भिंतीकडे ठेवा, असे तिने स्वतःच सांगून टाकले आणि नळी कशासाठी आहे तेही समजावले.

पाच महिन्यांनी मी ती जाऊन पाहिली. बूड स्वच्छ होते, पोटावर सुरकुती नव्हती. मानेजवळच्या एका पंखाची कड चार-पाच मिलिमीटर उचललेली होती. पाणी बदलताना नळी वर ओढायची तर दुसऱ्या हाताने फुलदाणी तिथेच धरली जाते आणि तो हात ओला असतो. कडेखाली टोकदार ब्रशने गोंदाचा बारीक हात दिला, प्लास्टिकचा कागद धरून दाबली आणि नळी दोन दिवस बाहेर ठेवायला सांगितली.